एकशे एकावा अभिप्राय

माधव नगर, उज्जैन
८ जुलै २०२४

सुलू,

सर्कस सोडून आलेल्या बाईची कादंबरी वाचून झाली. तीनशे बारा पानं, एक्केचाळीस दिवस. हसू नकोस.

नाव सांगत नाही, कारण तू कादंबऱ्यांची नावं कधी लक्षात ठेवलीच नाहीस. 'ती फाटकवाल्याची', 'ती दोन सवतींची', अशीच तुझी यादी असायची आणि मलाही तीच सवय लागली. तर ही बाई झुल्यावरचं काम सोडून एका कारकुनाशी लग्न करते आणि गावात राहायला येते. लेखक दर चार पानांनी आपल्याला सांगतो की ती दुःखी आहे. मला ते फालतू वाटलं. पण एक पान चांगलं आहे. पक्क्या घरात तिला पहिले आठ दिवस झोपच येत नाही, कारण तंबूचं कापड फडफडायचं त्या आवाजावर झोपायची तिला सवय. नवरा विचारतो, काय हवंय तुला? ती म्हणते, काही नाही, आणि उठून खिडकीला जुनी साडी बांधते. बस, एवढंच. ते पान मी दोनदा वाचलं. बाकीची तीनशे अकरा त्यानं का लिहिली, कोण जाणे.

हा माझा अभिप्राय. बरोबर आहे का गं?

पंधरा वर्षांनी मोठ्या जावेचं पत्र येतं आणि त्यात ख्यालीखुशाली सोडून सर्कशीतली बाई, म्हणून तुला नवल वाटेल. पत्ता पूजानं दिला. मैत्रिणीच्या लग्नाला ती इथे उज्जैनात, नानाखेड्याला आली होती. मी तिला बसस्टँडवर भेटायला गेले. तुझा पत्ता मागितला तेव्हा तुझ्या लेकीनं आधी माझ्याकडे नीट पाहून घेतलं, मग पर्स उघडली. "काकू, फोन नंबरच घ्या ना," म्हणाली. मी म्हटलं, नको, पत्ताच दे. फोन तू ठेवून देशील. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

इकडे सगळं ठीक. तुझे सुधाकरभाऊजी सकाळी रामघाटापर्यंत चालून येतात आणि आल्यावर मी कितव्या पानावर आहे ते विचारतात. महिला मंडळाला यंदा पन्नास वर्षं होतात. देवश्री नावाची नवी सचिव आहे, उषाताईंची सून. मोठी उत्साही. जुन्या अभिप्रायांचं पुस्तक काढायचं तिच्या मनात आलं, त्यासाठी कपाटातली वही निघाली, म्हणून तुझी आठवण झाली.

बाकी विशेष काही नाही.

तुझी,
शोभावहिनी


२९ जुलै २०२४

सुलू,

उत्तर आलं नाही. मी वाट पाहत नव्हते, पण पोस्टमन कोणत्या वेळेला येतो ते आता मला ठाऊक झालंय.

दुसरी कादंबरी लवकर संपली, एकोणीस दिवसांत. दोन भाऊ मिळून फोटो स्टुडिओ चालवतात आणि मग वेगळे होतात. सगळेजण हिची तारीफ करतात. भाषा सुंदर आहे, खरंच. अंधाऱ्या खोलीत कागदावर हळूहळू चेहरा उमटतो ते वर्णन वाचताना मी श्वास रोखून बसले होते. पण त्या भावांची आई आहे ना, ती अख्ख्या पुस्तकात अठरा वेळा चहा आणून ठेवते आणि एक वाक्य बोलत नाही. लेखकाला ती दिसते, ऐकू येत नाही. दोघं वेगळे झाले तेव्हा तिला काय वाटलं, हे त्याला विचारावंसंच वाटलं नाही. म्हणून मला ही कादंबरी आवडली नाही, भाषा सुंदर असूनही.

हे लिहून झालं आणि मी उठून मागचं दार उघडलं.

आपला मागचा ओटा अजून तसाच आहे. पावसाळ्यात मी भुट्टे किसायला बसायची, तू भिंतीला टेकून पुस्तक उघडायचीस. माझी शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी, मराठी फक्त घरात बोलण्यापुरती. लिपी तीच, पण तुमची पुस्तकातली मराठी माझ्या डोक्यात शिरायची नाही. तू वाचता वाचता थांबायचीस आणि म्हणायचीस, "वहिनी, 'कुचंबणा' कळलं का?" मी म्हणायची, "कळलं." तू म्हणायचीस, "नाही कळलं. किसणी थांबली नाही तुमची."

अठ्ठ्याण्णव साली अक्कांचा, आपल्या सासूबाईंचा, पाय मोडला आणि त्यांची मंडळातली जागा रिकामी झाली. घरटी एक सभासद, हा मंडळाचा नियम अक्कांनीच केलेला. कुणा एकीच्या दिवाणखान्यात बैठक, मग एका घरातून दोघी-तिघी आल्या तर बसायचं कुठे? अक्का म्हणाल्या, थोरली जाईल. बुधवारी अक्कांजवळ कुणीतरी हवंच होतं, तेव्हा धाकटी घरी राहील. तुझं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती. कुणी तुला विचारलं नाही. मीही नाही.

आणि दर महिन्याला वाचलेल्या कादंबरीवर दहा मिनिटं बोलायचं, मग ते वहीत लिहून ठेवायचं. मला घाम फुटला. तूच म्हणालीस, "घाबरता कशाला, मी सांगते तसं सांगा." तुझी तेव्हा मला पुष्कळ मदत व्हायची. ते मंडळात सांगायचं राहूनच गेलं.

देवश्री पुस्तकावर माझं नाव घालते आहे. मी नको म्हटलं, पण ही मंडळी ऐकतात कुठे.

तुझी,
शोभावहिनी


२२ ऑगस्ट २०२४

सुलू,

मागच्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या.

मी नको म्हटलं नव्हतं. देवश्री पुस्तकाचं बोलली त्याच दिवशी मी फोटो काढून घेतला. मोत्याच्या कुड्या घालून, हातात वही धरून. मागच्या कव्हरसाठी.

दुसरी गोष्ट, मदत. भाजी निवडायला मदत होते, अक्कांना कुशीवर वळवायला मदत होते. तू मला अख्खे अभिप्राय द्यायचीस आणि मी ते पाठ करून जायची. अकरा वर्षांत एकशे एक. वहीत अक्षर माझं आहे, बाकी माझं काही नाही. मी आज तुला हे पत्र ज्या मराठीत लिहिते आहे, तीही तुझ्याकडूनच आलेली. उजळणी करून करून अंगवळणी पडली.

सुरुवातीला मी परत आले की तू फाटकातच विचारायचीस, "काय म्हणाल्या बायका?" मी सगळं सांगायची. कोण कुठे हसलं, कुणी डोळे पुसले. तू अक्कांचा चहा गाळता गाळता ऐकायचीस आणि तुझा चेहरा असा काही फुलायचा की जणू तूच जाऊन आलीस. मग केव्हापासून मी ते सांगणं बंद केलं, आठवतं तुला? मला नक्की आठवतं. एकदा उषाताई म्हणाल्या, "शोभा, तुझ्यासारखी नजर आमच्यात कुणाला नाही." घरी येऊन मी तुला म्हटलं, "काही नाही गं, नेहमीचंच." ते एक वाक्य मला एकटीला ठेवून घ्यावंसं वाटलं.

सत्काराबद्दल लिहायलाच हवं. शंभर अभिप्राय झाले म्हणून फेब्रुवारीत हॉल घेऊन कार्यक्रम केला होता. त्याला सगळ्यांना यायची मुभा. तू हिरवी साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसली होतीस, पूजाला घेऊन. मला शाल दिली. इंदूरहून आलेल्या पाहुण्या बाईंनी माइकवरच विचारलं, "तुमच्या घरात आणखी कोणाला वाचनाचा नाद आहे?"

सुलू, त्या क्षणी मला खरं सांगता आलं असतं. इतकं सोपं होतं. तू समोर बसली होतीस, नुसतं बोट दाखवायचं होतं. आणि मी म्हटलं, "छे, वाचणारी मी एकटीच. आमच्या धाकट्या जाऊबाईंचं वाचन म्हणजे दुधाच्या पिशवीवरची तारीख."

अख्खा हॉल हसला. तूही हसलीस. पूजा तेवढी हसली नाही. बारा वर्षांची पोर माझ्याकडे बघत राहिली. तिनं ओट्यावर बसून तुझं सगळं वाचन ऐकलं होतं.

असं मी का म्हटलं, याचं उत्तर मी पंधरा वर्षं शोधते आहे. कुणी मला प्रश्न विचारेल आणि उत्तर तुझ्या चेहऱ्यावर दिसेल, अशी भीती वाटली असेल. की हशा हवा होता? तो तरी माझा स्वतःचा असता.

तुम्ही गेल्यावर मी एकही अभिप्राय दिला नाही. चष्म्याचा नंबर वाढला असं सांगितलं. बायका म्हणाल्या, शोभा किती मनस्वी.

पुस्तकाची प्रूफं टेबलावर पडली आहेत. कोजागिरीला प्रकाशन. मी अजून कुणाला काही बोललेले नाही.

शोभावहिनी


५ सप्टेंबर २०२४

सुलू,

काल बोलले.

बैठक उषाताईंकडे होती. कचोऱ्या होत्या, पुस्तकाच्या कव्हरचा रंग ठरत होता. मी उभी राहिले आणि सरळ सांगितलं, की वहीतले अभिप्राय माझे नाहीत, माझी जाऊ सुलभा हिचे आहेत, पुस्तकावर तिचं नाव पाहिजे.

मला वाटलं होतं, सगळ्या गप्प होतील. कुठल्या गप्प! मृण्मयी म्हणाली, "अय्या, म्हणजे दोघी मिळून वाचायच्या? किती छान!" उषाताई म्हणाल्या, "अगं, घरातलंच ना? जावा-जावांत काय तुझं नि माझं. खाली बस, कचोरी गार होतेय." मी म्हटलं, "उषाताई, मी चोरी केली." तर त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "वय झालं की होतं गं असं. माझ्या आईलाही शेवटी वाटायचं, तिनं शेजारणीची पितळी चोरली."

तुला सांगते, खोटं बोलले तेव्हा एका वाक्यावर विश्वास बसला होता सगळ्यांचा. खरं सांगायला मला तासभर लागला, आणि तरी निम्म्या जणींना वाटतंय की सुधाकरनं मला डॉक्टरकडे न्यावं.

एकट्या देवश्रीनं ऐकून घेतलं. बैठक मोडल्यावर स्कूटीवरून मला घरी सोडलं आणि फाटकात उभी राहून म्हणाली, "काकू, मग ह्यात तुमचं काय आहे?"

"अक्षर," मी म्हटलं.

ती म्हणाली, "ते तर छपाईत जाईल."

तिनं ठरवून टाकलं आहे. तुझी परवानगी आली तर तुझ्या नावानं, नाही तर पुस्तक नाही. सासूबाईंचं मी बघते, म्हणाली. वीस तारखेपर्यंत कळायला हवं. तू नाही म्हणालीस तरी तो तुझा हक्क आहे. पण पुस्तक निघावं असं मला वाटतं, आणि ह्या वेळी त्यात माझा काही फायदा नाही, एवढं लक्षात घे. प्रूफांची एक प्रत आजच रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली आहे.

शोभा


१९ सप्टेंबर २०२४

सुलू,

काल फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून हे चार शब्द.

तुझा आवाज ओळखायला मला क्षणभर लागला. तू "वहिनी" म्हणालीस तेव्हा कळलं. मी काही म्हणायच्या आत तू म्हणालीस, "प्रूफं मिळाली. नाव घाला. सुलभा पुरे, आडनाव नको." मी रडायला लागले तर म्हणालीस, "रडू नका, एसटीडीचे दिवस गेले तरी मला कामं आहेत." ते ऐकून मला हसू फुटलं आणि तुला माझं हसणं ऐकू गेलं असेल तर माफ कर.

मी विचारलं, प्रकाशनाला येशील का? तू म्हणालीस, "घरटी एकच जाते ना? तुम्ही जा." हे मला मिळायलाच हवं होतं.

पण मग मी विचारलं, हल्ली काय वाचतेस? आणि तू म्हणालीस, "काही नाही. वाचून सांगायचं कुणाला? वसंत पेपर वाचतात, मग त्यावर मी भाजी निवडते." त्यात टोमणा नव्हता. तू अगदी सहज सांगितलंस, धुळ्यात पाणी कधी येतं ते सांगावं तसं. सुलू, बाकीच्या सगळ्याची मी तयारी केली होती. तू ओरडशील, फोन ठेवशील, पूजाला बोलायला लावशील. तू वाचणंच सोडलं असशील हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी समजत होते, मी तुझं नाव घेतलं. नाव देता येतं परत. ह्या पंधरा वर्षांतल्या दुपारी मी कुठून आणून देणार?

तू म्हणालीस, प्रूफांवर खुणा करून पाठवते. पाठव. तू लिहिशील तसं अक्षर न अक्षर बदलू.

शोभा


७ ऑक्टोबर २०२४

सुलू,

प्रूफं शनिवारी आली. सोबत चिठ्ठी असेल म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं. नव्हती.

मग एकेक पान पाहत गेले. पट्टी ठेवून, सावकाश, मला दुसरं जमत नाही. तू पेन्सिलीनं कुठे एखादा शब्द बदललास. फाटकवाल्याच्या कादंबरीवर लिहिलंस, 'इथे मी फार कडक बोलले, तरुण होते, राहू दे.' दोन सवतींच्या कादंबरीत मी पदरचं एक वाक्य घुसवलं होतं, ते तू बरोबर पकडून खोडलंस. पंधरा वर्षांनी! शंभरही अभिप्राय तुला तोंडपाठ असल्यासारखे.

शेवटी एकशे एकावा. सत्कारानंतरच्या महिन्यातला.

त्या सत्कारानंतर तू वाचून दाखवायचं थांबवशील असं मला वाटलं होतं, पण तू एक कादंबरी आणखी वाचलीस. शिलाई मशीनवाल्या सुनेची. ती एक दिवस सामान बांधते आणि नवऱ्याला घेऊन सासरच्या घरातून निघून जाते, भांडण नाही, तंटा नाही. शेवटचं पान झाल्यावर तू पुस्तक मिटून मांडीवर ठेवलंस आणि म्हणालीस, "ती गेली ते बरंच केलं, वहिनी. घरात तिला कुणी वाईट वागवलं नाही. नुसतं गृहीत धरलं." मी तेव्हा गराडूच्या कंदांची सालं काढत होते. मी म्हटलं, "हं." आणि बुधवारी मंडळात मला ते सांगवेना. इतक्या सासवा बसल्या होत्या समोर. मी फिरवून सांगितलं, की तिनं जायला नको होतं, समजून घेतलं असतं तर घर मोडलं नसतं. टाळ्या पडल्या. वहीतही तेच लिहिलं. वही तेव्हा घरीच असायची, तुझ्या हाताशी.

त्या अभिप्रायाशेजारी समासात तू एकच ओळ लिहिली आहेस. 'मी उलटं सांगितलं होतं.'

त्याच वर्षी मे महिन्यात वसंतभाऊजींनी धुळ्याची बदली मागून घेतली, तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते की कुठल्याशा गमतीचा राग धरून सुलू घर सोडून गेली. परवा ती ओळ वाचली तेव्हा कळलं. त्या दुपारी तू मला कादंबरी सांगतच नव्हतीस. जाण्याआधी तू मला विचारलं होतंस, आणि मी त्याचा अभिप्राय करून टाळ्या घेऊन आले.

काल देवश्रीला सगळी दुरुस्ती वाचून दाखवली. एकशे एकाव्याला तू ओट्यावर जे म्हणाली होतीस ते सांगितलं, तशी ती थांबली. "काकू, हे आधीच्या अगदी विरुद्ध आहे. दोन्हींतलं खरं कोणतं?" मी म्हटलं, हे. आधीचं मी भिऊन सांगितलं होतं. तिनं तुझी तीन वाक्यं जशीच्या तशी लिहून घेतली आणि आज सकाळी पुस्तक छापायला गेलं. नाव सुलभा. आडनाव नाही. मागचं कव्हर कोरं ठेवायला सांगितलं आहे.

दहा प्रती तुला पाठवीन. वाचू नयेस वाटलं तर नको वाचूस, पूजाला दे.

मला आता एवढंच लिहायचं आहे, आणि हे मला कुणी सांगितलेलं नाही, कुठे वाचलेलं नाही, मंडळात म्हणून दाखवायचंही नाही. सुलू, तू गेलीस ते बरंच केलंस.

शोभा